विश्लेषण : डोंबिवली स्थानकावर सुचलेल्या संख्या आणि गणितातला ‘का?’

ठाकुर्लीहून मुंबईकडे निघालेल्या धिम्या लोकलचे पुढचे स्थानक डोंबिवली. गर्दीसाठी प्रसिद्ध असलेले हे स्थानक गणिताच्या शब्दकोशातही पोहोचले आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ‘डेम्लो संख्या’ या नावातील डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली. हे नाव देणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर शाळामास्तर होते. त्यांच्याकडे गणिताची पदव्युत्तर पदवी नव्हती आणि विद्यापीठातील नोकरीही नव्हती. तरीही ६१७४ ही संख्या आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते. त्यांचे आयुष्य आणि त्यांच्या संख्या यांतून शाळेतील मुलांना तर्कशुद्ध विचार कसा शिकता येतो, त्याविषयी.

कापरेकर कोण होते?

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. ते आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना फलज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडायची तर आकडेमोड आलीच, त्यामुळे घरात आकड्यांची वर्दळ होती. माध्यमिक शिक्षण ठाण्यात झाले. कोडी सोडवण्याची आणि हिशेबाच्या सोप्या युक्त्या शोधण्याची गोडी त्यांना शाळेतच लागली.

१९२३ मध्ये त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. १९२७ मध्ये गणितातील स्वतंत्र कामासाठी त्यांना रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन ते बाहेर पडले आणि १९३० पासून नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवू लागले. १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत, म्हणजे तब्बल ३२ वर्षे, ते तिथेच शिक्षक होते. त्यांचे बहुतेक सगळे संशोधन या नोकरीच्या काळात, शाळा सांभाळून झाले. त्यासाठी लागणारी सामग्री म्हणजे कागद, पेन्सिल आणि न कंटाळता गुणाकार-वजाबाक्या करण्याची तयारी.

डोंबिवलीचा संबंध काय?

तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर असलेल्या डेम्लो स्थानकावर त्यांना एका प्रकारच्या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना सुचली. म्हणून त्या डेम्लो संख्या. अशा संख्येचे तीन भाग पडतात. डाव्या आणि उजव्या भागाची बेरीज केली की मधल्या भागातलाच अंक मिळतो. १६५ पाहा : १ आणि ५ मिळून ६, आणि मध्ये ६ आहेच. ४७७७३ मध्ये ४ आणि ३ मिळून ७, आणि मध्ये सगळे ७.

यातल्या काही तर शाळेतील फळ्यावर सहज सापडतात. ११ चा वर्ग १२१. १११ चा वर्ग १२३२१. ११११ चा वर्ग १२३४३२१. आकडे पायरी-पायरीने चढतात आणि तसेच उतरतात. १२३२१ मध्ये १२ अधिक २१ बरोबर ३३, आणि मधला अंक ३. एकेक १ वाढवत नऊ एकांपर्यंत गेलो तरी हा जिना सुटत नाही. नऊ एकांच्या संख्येचा वर्ग येतो १२३४५६७८९८७६५४३२१.

आता दहा एक घेतले तर? आठ-नऊ वेळा जमलेले पाहून कुणीही सांगेल की जिना आणखी एक पायरी चढेल. प्रत्यक्षात उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. जिना मधोमध ढासळला.

याचे कारण गुणाकाराच्या मांडणीत आहे. ११११ ला ११११ ने गुणताना चार ओळी एकेक घर डावीकडे सरकवून लिहिल्या जातात. उभ्या रकान्यांत अनुक्रमे एक, दोन, तीन, चार, तीन, दोन, एक इतके १ येतात, म्हणून बेरीज १२३४३२१. रकान्यात नऊपर्यंत एक असतील तोवर बेरीज एका अंकात मावते. दहा एक झाले की बेरीज १० होते, हातचा येतो आणि तो डावीकडचे अंक बदलतो. नियम का चालतो हे कळले की तो कुठे थांबणार हेही त्याच कारणातून कळते. ‘नऊ वेळा पाहिले’ आणि ‘का होते ते कळले’ यांत एवढे अंतर असते.

६१७४ ची गंमत नेमकी काय?

१९४९ मध्ये मद्रास येथे भरलेल्या गणित परिषदेत कापरेकरांनी ही गंमत मांडली. मोबाइलमधील कॅल्क्युलेटर उघडून ती करून पाहता येईल. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तेच अंक वापरून मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या तयार करा. मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तीच कृती करा.

कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेऊ.
९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

पुढे ६१७४ चे अंक मांडले तरी पुन्हा ७६४१ उणे १४६७, म्हणजे ६१७४. गाडी इथेच थांबते. कोणत्याही संख्येला इथवर यायला जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात. १९०५ ला बरोबर सात लागल्या.

एक अट मात्र पाळावी लागते. २१११ घेतल्यास २१११ उणे १११२ बरोबर ९९९ येते. ते ०९९९ असे चार अंकीच धरायचे. शून्य गाळले तर पुढची वजाबाकी ९९९ उणे ९९९ होते आणि उत्तर शून्यावर संपते. नियमाची अट काटेकोर सांगितली नाही तर खरे विधानही खोटे ठरते. हा गणिती तर्काचा पहिला धडा.

हे ‘होतेच’ की ‘व्हायलाच हवे’?

दहा संख्या घेतल्या, दहाही वेळा ६१७४ आले. म्हणून नेहमी येईल का? डेम्लोच्या जिन्यानंतर असे म्हणायला जीभ कचरेल. १००० ते ९९९९ मध्ये ९,००० संख्या आहेत. त्यांतून ११११, २२२२ अशा नऊ काढल्या तर ८,९९१ उरतात. त्या सगळ्या हाताने तपासणार कोण?

इथे माध्यमिक शाळेतले बीजगणित मदतीला येते. चार अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड असे धरू. मोठी संख्या होते १०००अ + १००ब + १०क + ड. लहान होते १०००ड + १००क + १०ब + अ. वजाबाकी केल्यावर उरते :

९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क)

म्हणजे पहिल्या वजाबाकीचे उत्तर चार अंकांवर नाही, फक्त दोन फरकांवर ठरते. पहिला फरक १ ते ९ यांपैकी काहीही असू शकतो. ब आणि क हे अ आणि ड यांच्या दरम्यानच असल्यामुळे दुसरा फरक शून्यापासून फार तर पहिल्या फरकाएवढा असतो. पहिला फरक १ असेल तर दुसऱ्यासाठी दोन पर्याय, २ असेल तर तीन, असे करत ९ असेल तर दहा. एकूण २ + ३ + ४ + … + १० = ५४.

आता ८,९९१ संख्यांऐवजी ५४ शक्यता उरल्या. वहीची दोन-तीन पाने आणि एखादी दुपार पुरे. या ५४ पैकी प्रत्येक शक्यता ६१७४ ला पोहोचते हे तपासून झाले की एकही संख्या बाहेर उरत नाही. ‘आतापर्यंत तरी असेच दिसले’ हे वाक्य गळून पडते आणि त्या जागी सिद्धता येते. शिवाय ९९९ आणि ९० दोन्हींना ९ ने भाग जातो, म्हणून या प्रक्रियेतील प्रत्येक उत्तराला ९ ने भाग जाणारच, हेही त्याच सूत्रातून फुकटात मिळते. वर केलेल्या वजाबाक्यांचा ताळा यावरून घेता येईल.

सगळे नियम टिकतात का?

नाही, आणि शिकण्यासारखे बरेच काही त्यातच आहे. चार अंकांत ६१७४ आहे, तर दोन अंकांतही एखादी संख्या असेल असे वाटते. करून पाहू. ९० − ०९ = ८१, ८१ − १८ = ६३, ६३ − ३६ = २७, ७२ − २७ = ४५, ५४ − ४५ = ०९. पुन्हा पहिल्या जागी. गाडी कुठेही थांबत नाही, पाच स्थानकांच्या फेऱ्या मारत राहते. पाच अंकी संख्यांमध्येही एकच एक मुक्काम नाही, वेगवेगळी चक्रे आहेत. साम्य दिसले म्हणून नियम एका जागेवरून दुसऱ्या जागी उचलून ठेवता येत नाही.

कापरेकरांच्या ‘हर्षद’ संख्या यासाठी आणखी सोप्या. अंकांच्या बेरजेने ज्या संख्येला भाग जातो ती हर्षद, म्हणजे आनंद देणारी. १८ मध्ये १ + ८ = ९, आणि १८ ला ९ ने भाग जातो. रामानुजन यांच्यामुळे गाजलेली १७२९ हीसुद्धा हर्षद आहे : अंकांची बेरीज १९, आणि १९ × ९१ = १७२९.

आता एक विधान घेऊ : जर दोन अंकी संख्येला ९ ने भाग जात असेल, तर ती हर्षद असते. १८, २७, ३६, ४५, ५४, ६३, ७२, ८१, ९० या नऊही संख्यांना ते लागू पडते. उरली ९९. तिच्या अंकांची बेरीज १८ आणि ९९ ला १८ ने भाग जात नाही. विधान खोटे ठरले. ते खोटे ठरवायला एकच प्रतिउदाहरण पुरले. खरे ठरवायला मात्र नऊ उदाहरणेही अपुरी पडली.

व्यत्यास तपासा : दोन अंकी संख्या हर्षद असेल तर तिला ९ ने भाग जातो का? १२ पाहा. १ + २ = ३ आणि १२ ला ३ ने भाग जातो, म्हणून ती हर्षद आहे; पण ९ ने भाग जात नाही. ‘जर–तर’ उलटे केले की अर्थ बदलतो. नववीच्या भूमितीत विद्यार्थी हाच मुद्दा प्रमेय आणि व्यत्यास या नावांनी शिकतात. तिथे तो अनेकांना कोरडा वाटतो. इथे तो दोन भागाकारांत समजतो.

‘नाहीच’ हे कसे सिद्ध करतात?

एखादी गोष्ट आहे हे दाखवायला ती समोर ठेवली की झाले. ती नाहीच हे दाखवणे अवघड. कापरेकरांच्या स्वयंभू संख्या हा त्याचा उत्तम सराव आहे. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ मध्ये २ + १ मिळवले की २४, म्हणजे २४ चा जन्म २१ पासून. जिला असा एकही जनक नाही ती स्वयंभू. ज्या गावात मास्तरांचे आयुष्य गेले, त्या गावावरून यांना देवळाली संख्या असेही म्हणतात.

२० स्वयंभू आहे. सिद्धता पाचवीतल्या मुलालाही समजेल. जनक २० पेक्षा लहानच असणार. तो एक अंकी असेल तर त्यात तोच अंक पुन्हा मिळवायचा, म्हणजे दुप्पट. ९ ची दुप्पटही १८ च भरते. जनक १० ते १९ मधला असेल तर? १० पासून ११ मिळतात, ११ पासून १३, १२ पासून १५. संख्या एकाने वाढली की अंकांची बेरीजही एकाने वाढते, म्हणून उत्तर दर वेळी दोनाने पुढे जाते आणि १९ पर्यंत विषमच राहते. २० सम आहे. म्हणजे २० ला जनक नाही. सगळ्या वाटा मोजल्या, प्रत्येक वाट बंद असल्याचे दाखवले. शोधून न सापडणे वेगळे आणि असूच शकत नाही हे दाखवणे वेगळे.

मग गणितज्ञांनी त्यांना मान का दिला नाही?

कापरेकर पदरमोड करून गणित परिषदांना जात आणि आपले लेख वाचत. अनेक विद्वानांना ही कामे पोरखेळ वाटत आणि ते हसतही. पुस्तिका बहुतेकदा त्यांना स्वतःलाच छापाव्या लागल्या.

या उपेक्षेमागे केवळ पदवीचा अभिमान नव्हता, एक खरा आक्षेपही होता. यातले बरेचसे गुणधर्म संख्येचे नसून ती लिहिण्याच्या पद्धतीचे आहेत. आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून ६१७४ ला महत्त्व आले. आठाच्या पटीत मोजत असतो तर ती संख्या या अर्थाने सामान्यच ठरली असती. रामानुजन यांना केंब्रिजला बोलावणारे जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ यांची उदाहरणे घेतली होती. पहिली २१७८ ची चौपट आहे, दुसरी १०८९ ची नऊपट. म्हणजे दोन्ही आपल्याच उलट्या रूपाच्या पटी. अशा गोष्टी कोड्यांच्या सदरात शोभतील, गणितज्ञाला त्यांत फारसे काही नाही, असे त्यांचे मत होते. ते कापरेकरांविषयी नव्हते, पण त्या काळच्या अभ्यासकांची दृष्टी त्यातून दिसते.

आक्षेप चुकीचा नाही, पण अपुरा आहे. योगायोग असा की ९८०१ हा ९९ चा वर्ग आहे आणि ९९ ही ‘कापरेकर संख्या’ आहे. जिच्या वर्गाचे दोन भाग करून बेरीज केली की मूळ संख्या परत मिळते, ती कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. तसेच ९८ + ०१ = ९९. आता ९, ९९, ९९९ यांकडे पाहा. ९९ म्हणजे १०० − १. त्याचा वर्ग १०,००० − २०० + १, म्हणजे डावीकडे ९८ आणि उजवीकडे १. बेरीज ९९. हीच मांडणी ९९९ ला, ९९९९ ला, कितीही नवांना चालते. म्हणजे कापरेकर संख्या अनंत आहेत, हे दोन ओळींत सिद्ध झाले. विषय किरकोळ असेल, पण युक्तिवाद अस्सल गणिताचा आहे.

जगाने दखल कधी घेतली?

निवृत्तीनंतरही कापरेकर देवळालीतच राहिले. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. राहणी साधी असूनही निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या. आकड्यांचा नाद सुटला नाही.

मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकातील आपल्या गणिती करमणुकीच्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले. ते सदर जगभरचे गणितप्रेमी वाचत. त्यानंतर देवळालीच्या मास्तरांचे नाव सर्वत्र झाले. तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे संगणक आले आणि ज्या प्रक्रिया त्यांनी हाताने चालवल्या, त्या विद्यार्थ्यांच्या सरावासाठी प्रोग्रॅम म्हणून दिल्या जाऊ लागल्या.

शाळेसाठी याचा उपयोग काय?

आपल्याकडे ‘सिद्धता’ हा शब्द मुलांना बहुधा भूमितीत भेटतो. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता अशी चौकट पाठ होते आणि प्रमेय गुणांसाठी लिहिले जाते. अंकगणितात मात्र उत्तर बरोबर आले की काम संपते. त्यामुळे कारण विचारण्याची सवय लागायची तिथे लागतच नाही. कापरेकरांच्या संख्यांना वजाबाकी, गुणाकार, भागाकार एवढेच भांडवल लागते. मूल स्वतः नमुना शोधू शकते, स्वतःच तो मोडू शकते आणि थोड्या मदतीने कारणही सांगू शकते.

पालक आणि शिक्षकांनी त्यासाठी तीनच प्रश्न विचारावेत. हे किती वेळा तपासले? हे नेहमी होईल असे का वाटते? आणि कुठे मोडेल? तिसरा प्रश्न बहुतेक वेळा विचारला जात नाही, आणि डेम्लोच्या जिन्याचे कारण तर त्याच प्रश्नातून सापडले.

सुरुवात तीन अंकी संख्यांपासून करता येईल. तिथे वजाबाकीचे सूत्र ९९ × (मोठा अंक − लहान अंक) एवढेच राहते आणि फरक १ ते ९, म्हणून शक्यता फक्त नऊ : ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. यातली प्रत्येक शेवटी ४९५ ला येऊन थांबते. ती का थांबते हे वहीच्या नऊ ओळींत कोणत्याही मुलाला स्वतःच्या हाताने पूर्णपणे सिद्ध करता येते.